रत्नागिरी जिल्ह्यातील वनश्री : जलवायुमान आणि वर्गीकरणाचा इतिहास

मनुष्याच्या लागवडीवाचून एखाद्या प्रदेशात वाढणाऱ्या वनस्पतींच्या समुच्चयास त्या प्रदेशाची नैसर्गिक वनश्री म्हणतात. तिचे स्वरूप प्रामुख्याने उष्णता व पर्जन्य यांवर अवलंबून असते, या गृहीतकावर जगाचे वनस्पति-प्रदेश पाडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यात हे गृहीतक अडचणीत येते. वर्षाला सु. ३,००० मिमी. व त्याहूनही अधिक पाऊस पडणाऱ्या या भूमीवर पर्जन्याच्या आकड्यांनुसार घनदाट वर्षावन असावयास हवे. प्रत्यक्षात तिचा बराच भाग उघडे कातळ, गवताळ सडे, झुडपी रान, पानझडी जंगलाचे तुकडे आणि आंबा-काजूच्या बागा यांनी व्यापलेला आहे. या विसंगतीचे कारण जलवायुमान, खडक की माणसाची कुऱ्हाड, हा प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञ व वनाधिकारी यांच्यापुढे आहे. जमिनीची शासकीय वर्गवारी आणि तिचे भवितव्य यांचा निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने तो केवळ शास्त्रीय राहिलेला नाही.

जुन्या ग्रंथांत ‘रत्नागिरी’ हे नाव आजच्याहून मोठ्या प्रदेशास लावलेले असते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वीच्या नोंदींत देवगड, मालवण, वेंगुर्ले, कणकवली हा दक्षिणेकडील भागही अंतर्भूत आहे. आजचा रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा असून त्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौ. किमी. आहे. जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोटाळे झाले आहेत.

जलवायुमान व वनश्रीचे पट्टे : जिल्ह्याची वार्षिक सरासरी तापमानाची पातळी सु. २७° से. असून उन्हाळा व हिवाळा यांतील अंतर फारसे नाही. निर्णायक घटक म्हणजे पाऊस, आणि त्यातही त्याची वर्षातील विभागणी. एकूण पर्जन्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. ऑक्टोबरात काही सरी येतात. त्यानंतर मेअखेरपर्यंत जमीन बहुतांशी कोरडी असते. किनाऱ्यावर अडीच ते तीन हजार मिमी. पडणारा पाऊस सह्याद्रीच्या पायथ्याशी साडेतीन हजारांच्या वर जातो आणि घाट ओलांडताच झपाट्याने उतरतो; कराड येथे तो सातशे मिमी.च्या आसपासच असतो. अरबी समुद्र ते घाटमाथा या अवघ्या पन्नास-साठ किमी.च्या अंतरात वनश्रीचे जे चार-पाच प्रकार एकामागून एक दिसतात, त्यांतील घाटाकडचे प्रकार या चढत्या पर्जन्यमानाशी बऱ्याच अंशी जुळतात, किनाऱ्याकडचे मात्र फारसे जुळत नाहीत.

वाळूच्या किनाऱ्यावर मर्यादवेल, केवडा व उंडी आढळतात. खाड्यांच्या मुखांशी आणि आत भरतीचे पाणी पोहोचते तेथवर तिवर, कांदळ, चिपी व मारांडी यांची खारफुटी वने आहेत. त्यांचे अस्तित्व पावसापेक्षा भरती-ओहोटी, गाळ व पाण्याची क्षारता यांवर अवलंबून असल्याने ती कोणत्याही पर्जन्याधिष्ठित वर्गीकरणात नीट बसत नाहीत. खार बंधारे घालून भातखाचरे करण्याच्या प्रथेमुळे त्यांचा विस्तार पूर्वीच आकसला होता. जेथे बंधारे फुटले तेथे तिवरांनी काही वर्षांतच पुन्हा ठाण मांडले आहे.

किनाऱ्याच्या मागे जांभा खडकाची सपाट पठारे पसरलेली आहेत. त्यांना स्थानिक बोलीत सडा म्हणतात. सड्यांच्या कडेच्या उतारांवर व दऱ्यांमध्ये माती साठलेली असते. तेथे ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, असाणा, बेहडा, शिवण, काटेसावर असे पानझडी वृक्ष आणि उक्षीसारख्या वेली वाढतात. साग उत्तरेकडील तालुक्यांत अधिक आहे. खेड व चिपळूण भागांत खैर विपुल असून त्यापासून कात काढण्याचा धंदा जुना आहे. कातकरी जमातीचे नाव याच धंद्यावरून पडले. घाटाच्या पायथ्यापासून वर चढत गेल्यास पानझडी वृक्षांत सदाहरित वृक्षांची भर पडू लागते आणि घळींमधून व माथ्याजवळ जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे निमसदाहरित व सदाहरित रान लागते. पावसाळ्यानंतरही धुके व ओलावा टिकून राहणे, हे माथ्यावरील रानाचे एक कारण होय.

प्राचीन वनश्री : येथील वनश्री आजच्यासारखीच अनादिकालापासून नव्हती, याचे पुरावे जिल्ह्याच्या भूमीतच आहेत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांच्या किनारी भागात जांभ्याखाली निळसर चिकणमाती व लिग्नाइटचे पातळ थर आढळतात. विहिरी खोदताना ते प्रथम लक्षात आले आणि एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी त्यांची नोंद केली. हे थर मायोसीन कालखंडातील मानले जातात. त्यांतील परागकण व बीजुके यांचा अभ्यास पुढे लखनौ येथील बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केला. ताडकुलातील वृक्ष, नेचे व खारफुटीच्या वनस्पती यांचे अवशेष त्यांत मिळतात. म्हणजे त्या काळी हा किनारा उष्ण, दमट व दलदलीचा होता.

अलीकडच्या काळासंबंधीचा महत्त्वाचा पुरावा दक्षिणेकडून, कारवारच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळातील गाळातून मिळाला. क्लोद काराटिनी व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या परागकण-अभ्यासानुसार सु. ३,५०० वर्षांपूर्वी वनवृक्षांचे व खारफुटीचे परागकण घटले आणि गवताळ वनस्पतींचे वाढले. मोसमी पाऊस कमी झाल्याची ही खूण होय, असे मत त्यांनी मांडले. कारवार रत्नागिरीपासून दूर असले, तरी दोन्ही ठिकाणे एकाच किनारपट्टीवर व एकाच मोसमी प्रवाहात आहेत. तेव्हा कोकणातील सदाहरित वनांची पीछेहाट कुऱ्हाड चालण्यापूर्वीच सुरू झाली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. अर्थात त्याच सुमारास द्वीपकल्पात शेतीचा प्रसार होत होता. गाळातील गवताचे परागकण कोरड्या हवेमुळे आले की जाळून साफ केलेल्या रानामुळे, हे परागकण स्वतः सांगत नाहीत.

जलवायुमानावर आधारित वर्गीकरणाचा उदय : वनस्पतींचे पट्टे व उष्णतामान यांचा संबंध आलेक्सांडर फोन हंबोल्ट यांनी अँडीज पर्वतावरील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये स्पष्ट केला. आल्फाँस द कांदॉल यांनी १८७४ मध्ये उष्णता व ओलावा यांच्या गरजेनुसार वनस्पतींचे पाच शरीरक्रियात्मक गट पाडले. याच गटांच्या आधारे व्लाडिमिर केपेन यांनी १९०० मध्ये आणि पुढे १९१८ व १९३६ च्या सुधारित आवृत्त्यांत जगाचे जलवायुप्रदेश निश्चित केले. यातील क्रम लक्षणीय आहे. जलवायुमानाच्या सीमा आधी ठरल्या आणि त्यांत वनस्पती बसविल्या गेल्या असे नसून, वनस्पतींच्या सीमा पाहून त्यांना जुळतील असे तापमान व पर्जन्य यांचे आकडे शोधले गेले. साहजिकच, ज्या प्रदेशांतील वनश्री केपेन यांच्या परिचयाची नव्हती तेथे या आकड्यांची कसोटी कमी कठोर झाली.

केपेन यांच्या पद्धतीत रत्नागिरीचा समावेश उष्ण कटिबंधीय मोसमी प्रकारात होतो. या प्रकारात सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस ६० मिमी.पेक्षा कमी असतो. परंतु वार्षिक पर्जन्यास २५ ने भागून येणारी संख्या १०० मधून वजा केल्यावर जी बाकी उरते, तीहून तो कमी असू नये अशी अट आहे. वार्षिक पाऊस २,५०० मिमी. झाला की ही बाकी शून्य होते. म्हणजे तेवढा पाऊस पडणाऱ्या ठिकाणी कोरड्या महिन्यात एक थेंबही पडला नाही, तरी वर्गात फरक पडत नाही. वर्षभराच्या एकूण पावसाने कोरड्या ऋतूची भरपाई झाली असे मानले जाते. रत्नागिरीच्या बाबतीत ही भरपाई कागदावरच होते. जुलैत नदीनाल्यांवाटे समुद्रास मिळालेले पाणी एप्रिलमध्ये झाडाच्या मुळांना उपयोगी पडत नाही.

या त्रुटीवरचा उपाय फ्रेंच शास्त्रज्ञांनी सुचविला. बान्यूल व गोसेन यांनी १९५३ मध्ये ‘कोरडा महिना’ ही कल्पना मांडली : ज्या महिन्याचा मिमी.मधील पाऊस त्याच्या सरासरी सेल्सिअस तापमानाच्या दुपटीपेक्षा कमी, तो महिना कोरडा. रत्नागिरीत हा उंबरठा ५०-६० मिमी.च्या आसपास येतो आणि नोव्हेंबर ते मे हे सातही महिने त्याखाली राहतात. केरळाच्या दक्षिण भागात कोरडा काळ दोन-तीन महिन्यांवर येतो आणि सदाहरित वन किनाऱ्याच्या जवळपर्यंत उतरू शकते. सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडे तो सात-आठ महिन्यांचा होतो आणि सदाहरित वन माथ्याच्या आश्रयाला जाते. एकूण पाऊस दोन्हीकडे भरपूर असूनही वनश्री वेगळी का, याचे समाधानकारक स्पष्टीकरण प्रथम येथे मिळाले. पाँडिचेरी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेने भारतीय कृषि संशोधन परिषदेच्या सहकार्याने एकास दहा लक्ष या प्रमाणावर वनश्रीचे नकाशे तयार केले. गोसेन, लेग्री व व्हियार यांच्या या नकाशांत प्रत्येक जागी जलवायुमानानुसार येऊ शकणारी वनश्री आणि प्रत्यक्षात उरलेली वनश्री या दोन्ही दाखविण्याचा प्रयत्न आहे. १९८० च्या दशकात झां-पिएर पास्काल यांनी हेच काम सह्याद्रीच्या सदाहरित वनांपुरते अधिक बारकाईने केले.

खडक व माती यांची दखल मात्र त्यापूर्वीच घेतली गेली होती. आंड्रेआस शिंपर यांनी १८९८ मधील आपल्या वनस्पति-भूगोलावरील ग्रंथात हवामानजन्य समूह व मृदाजन्य समूह असा भेद केला. कोरड्या ऋतूत पाने झडणाऱ्या आशियाई वनांना ‘मोसमी वने’ हे नाव देणारे तेच. रत्नागिरीच्या सड्यांचे कोडे सोडविण्यास आवश्यक असलेली कल्पना अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उपलब्ध झाली होती. ती सड्यांना लावण्यास पुढे बराच काळ गेला.

भारतीय वर्गीकरणे : भारतातील प्रारंभीची वर्गीकरणे जलवायुमानापेक्षा वनस्पतींच्या जातींवर आधारित होती. जोसेफ हूकर व टॉमस टॉमसन यांनी १८५५ मध्ये आणि पुढे एकट्या हूकर यांनी १९०४ मध्ये देशाचे वनस्पति-प्रांत आखले. त्यांत कोकणाचा समावेश मलबार प्रांतात झाला. ही परंपरा टिकून आहे. रॉजर्स व पनवर यांनी १९८८ मध्ये केलेल्या दहा जीवभौगोलिक विभागांच्या आखणीतही कोकणची किनारपट्टी पश्चिम घाट विभागातील मलबार मैदान या प्रांतातच येते. मात्र मलबारची म्हणून जी वृक्षसंपदा प्रसिद्ध आहे, तिच्यातील कितीतरी जाती रत्नागिरीपर्यंत पोहोचत नाहीत, कारण वाढत्या कोरड्या काळामुळे उत्तरेकडे त्या एकेक करून गळत जातात.

वनखात्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरलेले वर्गीकरण हॅरी चॅम्पियन यांचे होय. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासह त्यांनी ते सुधारले. सुधारित आवृत्तीत वनांचे १६ प्रमुख गट आहेत. त्यांपैकी दक्षिणी उष्ण कटिबंधीय निमसदाहरित आणि आर्द्र पानझडी हे गट रत्नागिरीशी संबंधित आहेत. या वर्गीकरणाचा खरा गुण त्याच्या उपविभागांत आहे. जलवायुमानाने ठरणारी चरमावस्था, मृदेने ठरणारी अवस्था आणि तोड, चराई व वणवा यांनी आलेली ऱ्हासावस्था यांना चॅम्पियन व सेठ यांनी वेगवेगळ्या खुणा दिल्या. तेव्हा एखादे झुडपी रान पाहून ते मूळचेच तसे की खालावलेले, हा प्रश्न वनाधिकाऱ्याने स्वतःला विचारणे भाग झाले. त्याचे उत्तर देण्यास लागणारा त्या जागेचा इतिहास मात्र बहुधा कोणाच्याच दप्तरात नसतो.

तोड, राब व देवरहाट : वनश्रीच्या ऱ्हासाची जाणीव ब्रिटिश अंमलापूर्वीही होती. रामचंद्रपंत अमात्य यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग व शिसव परवानगीने तोडावेत, लागेल ते अधिक लाकूड खरेदी करून आणावे आणि रयतेचे आंबा-फणस यांसारखे वृक्ष तोडू नयेत, अशी सूचना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांच्या जाहीरनाम्याने जमीनधारकांस आपल्या जमिनीतील झाडांवर हक्क मिळाले. हक्क मिळाल्याने लोक झाडे राखतील, ही अपेक्षा होती. मुंबई शहर वाढत होते, खाड्यांतून गलबते सुटत होती आणि इमारती व जळाऊ लाकडास रोख गिऱ्हाईक होते. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरात जिल्ह्याच्या उघडेपणाचे वर्णन आले आहे. खाजगी हक्कांमुळे येथे राखीव जंगल फारच थोडे होऊ शकले, आणि सरकारी वनजमिनीचे अत्यल्प प्रमाण हे जिल्ह्याचे वैशिष्ट्य आजही कायम आहे.

तोडीपेक्षा राबाचा परिणाम अधिक व्यापक व सातत्याचा असावा. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी झाडांचे टाळे, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर देऊन ते पावसापूर्वी जाळतात. त्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळीचे शेंडे छाटले जात. डोंगरउतारांवरील वरकस जमिनींत नाचणी व वरी यांची पिके आळीपाळीने घेण्यासाठीही झुडपे तोडून जाळीत. यामुळे झाडे मरत नसली तरी वाढतही नाहीत. कोकणातील आखूड, गाठाळ ऐनांची रांग ही निसर्गाची नव्हे, तर शेतकऱ्याच्या कोयत्याची घडण होय. राबाला दोष देणे वनाधिकाऱ्यांना सोपे गेले. ज्या जमिनीत धुपीमुळे कस उरत नाही तेथे त्यावाचून भात पिकविण्याचा दुसरा मार्ग त्या काळी शेतकऱ्यापुढे नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

वृक्षतोडीमुळे पाऊसच कमी होतो, असे मत त्या काळी प्रबळ होते. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक व १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक असलेले अलेक्झांडर गिब्सन यांनी दक्षिण कोकणातील तोडीमुळे झरे आटू लागल्याचे सरकारच्या निदर्शनास आणले आणि हवामान बिघडत असल्याचा इशारा दिला. वनखात्याच्या स्थापनेमागे हा युक्तिवाद होता. त्यातील अर्धा भाग काळाच्या कसोटीस उतरला आहे. झाडोरा गेल्यावर उताराची माती वाहून जाते, पाणी मुरत नाही व झरे लवकर आटतात, यात शंका नाही. कोकणचा पाऊस मात्र मुख्यत्वे समुद्रावरून येणाऱ्या बाष्पामुळे व सह्याद्रीच्या अडथळ्यामुळे पडतो. तो स्थानिक जंगलावर फारसा अवलंबून नाही. गुहाठाकुरता व राजीवन यांनी १९०१–२००३ या काळातील नोंदींचा जो अभ्यास केला, त्यात कोकण-गोवा उपविभागाचा पाऊस घटण्याऐवजी वाढत असल्याचे दिसून आले. गिब्सन यांचे उत्तराधिकारी निकोल डाल्झेल यांनी त्यांच्यासह १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला; थिओडोर कुक यांचा अधिक परिपूर्ण ग्रंथ १९०१–०८ मध्ये आला. जातींची नोंद अशी पक्की झाली, समूहांची मात्र मागे राहिली.

जलवायुमान काय करू शकले असते, याचा अंदाज घेण्यासाठी अभ्यासक देवरायांकडे वळले. रत्नागिरी भागात त्यांना देवरहाट किंवा नुसते रहाट म्हणतात. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या या रानात कोयता चालत नाही. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगतापुढे मांडले. सातवीण, बेहडा यांचे प्रचंड वृक्ष, त्यांवर चढलेली गारंबीची जाड वेल व तळाशी दाट सावली असे रहाट आणि त्याच्या कुंपणापलीकडे उघडा माळ, हे दृश्य पाहिले की सारा दोष कुऱ्हाडीवर टाकण्याचा मोह होतो. परंतु येथे सावधगिरी हवी. बरेचसे रहाट घळीत, पाणवठ्याशी किंवा पाझराच्या जागी, म्हणजे खोल माती व ओलावा असलेल्या ठिकाणी आहेत. त्यांवरून उतारांचे व दऱ्यांचे मूळ रूप कळते, सपाट कातळाचे नव्हे.

सडा व त्याचे वर्गीकरण : सड्यावरील जांभा पृष्ठभागी कठीण कवचासारखा असतो आणि त्यावर माती जेमतेम काही सेंमी. असते, पुष्कळ ठिकाणी मुळीच नसते. पावसाळ्यात खळग्यांतून पाणी साचते, दिवाळीनंतर तोच कातळ तापू लागतो. चार महिने पाणथळ व आठ महिने वाळवंट अशा जागी वृक्षाची मुळे धरत नाहीत, पाऊस तीन हजार मिमी. असो वा पाच हजार. येथे टिकतात त्या अल्पायुषी वर्षायू वनस्पती आणि कंदरूपाने जमिनीत दडून राहणाऱ्या जाती. जुलै ते सप्टेंबर या काळात गेंद, सीतेची आसवे, तेरडा व कवला यांच्या फुलांनी सडे झाकून जातात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आहेत. मातीत नत्र नसल्याने ते त्या कीटकांपासून मिळवितात. दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती कोकणच्या सड्यांपुरतीच मर्यादित आहे. डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकातच तिचे वर्णन करून तिच्या शास्त्रीय नावात कोकणाचे नाव गुंफले. अशा प्रदेशनिष्ठ जाती एका-दोन शतकांच्या वृक्षतोडीतून निर्माण होत नाहीत. त्या अर्थी सड्यांचा काही भाग तरी फार प्राचीन काळापासून उघडाच असला पाहिजे. रत्नागिरीच्या वनश्रीविषयीच्या वादात हा पुरावा सर्वांत बळकट आहे आणि तोच सर्वांत उशिरा विचारात घेतला गेला. सड्यांच्या कातळावर कोरलेल्या प्राचीन मोठ्या आकृत्याही, म्हणजे कातळशिल्पे, उघड्या पृष्ठभागाचीच साक्ष देतात. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला.

असे असता शासकीय नकाशांत सडा बहुधा पडीक, खडकाळ किंवा झुडपी जमीन म्हणून दाखविला जातो. महसुली भाषेत तो पोटखराबा असतो. वृक्षांच्या मापाने मोजल्यास त्याचे मोल शून्य येते. मग तेथे वनीकरणाचे खड्डे खणले जातात, जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणी निघतात किंवा उद्योगांसाठी जागा सुचविल्या जातात. राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या मातीपरीक्षणास २०२३ मध्ये जो विरोध झाला, त्यात कातळशिल्पे व सड्यावरील जीवसृष्टी यांचे मुद्देही पुढे आले. अपर्णा वाटवे यांनी उत्तर सह्याद्री व कोकण येथील खडकाळ पठारांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला असून या पठारांना स्वतंत्र परिसंस्थेचे स्थान देण्याची आवश्यकता त्यातून स्पष्ट होते. साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात समाविष्ट झाले. त्याच जातकुळीच्या, परंतु कमी उंचीच्या किनारी सड्यांना तसा मान मिळालेला नाही.

उलट दिशेची चूक वनाच्छादनाच्या मोजणीत होते. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहचित्रांच्या आधारे अहवाल प्रसिद्ध करीत आहे. तिच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर वा अधिक जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असले की ते वनाच्छादन होय. जमीन कोणाची व झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. या मापाने रत्नागिरी जिल्ह्याचे सु. निम्मे क्षेत्र वनाच्छादित ठरते. त्यात रहाट व घाटातील जंगल जसे येते, तशीच हापूस आंब्याची व काजूची बागही येते. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजना १९९० मध्ये सुरू झाल्यापासून वरकस जमिनींवर बागांचा मोठा विस्तार झाला. काजू हे पोर्तुगीजांनी आणलेले दक्षिण अमेरिकी झाड आहे. अशा रीतीने उपग्रहाच्या दृष्टीने हिरवा झालेला उतार वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अधिक नैसर्गिक झाला असे म्हणता येत नाही, आणि फुलांनी भरलेला सडा उपग्रहाला वन म्हणून दिसत नाही.

अलीकडील जलवायुकल : पावसाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याची पडण्याची रीत अधिक बदलत आहे. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकारी यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पप्रवाहातील वाढते चढउतार हे त्यांचे कारण दिले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील जुनी झाडे व नारळ-सुपारीच्या बागा मोडून टाकल्या. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमन व परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईसाठी परतीची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली.

या बदलांचा परिणाम केपेन यांच्या नकाशावर दिसणार नाही. वार्षिक पाऊस २,५०० मिमी.च्या वर असेपर्यंत जिल्ह्याचा वर्ग तोच राहील. कोरड्या महिन्यांच्या गणनेत ऑक्टोबर व नोव्हेंबर यांच्या पावसाला महत्त्व असल्याने तेथे फरक लवकर नोंदला जाऊ शकतो. बागायतदारांना तो आधीच जाणवतो : लांबलेल्या पावसाने आंब्याचा मोहोर पुढे जातो आणि अवकाळी सरींनी गळतो. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या पिकांवर संशोधन करीत आहे, त्यामुळे आंब्याच्या मोहोरावरील हवामानाच्या परिणामांचा अभ्यास झालेला आहे. सड्यावरील वनस्पती मात्र बीजधारणेसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरातील पाणी ओसरण्याच्या अचूक वेळेवर अवलंबून असतात.